तेंगझुग: कोंबड्या दोन घ्या, एकीने भागत नाही

उत्तर घानात तामाले ते बोलगातांगा आणि तिथून टोंगोपर्यंत जायला काही अडचण नाही. हाल होतात ते टोंगोच्या टेकड्यांतल्या तेंगझुग गावात, टोंगनाब या देवाच्या गुहेकडे जाणाऱ्या शेवटच्या टप्प्यात. ‘जरासं चालायचं’ म्हणून जे सांगतात ते विसरा. ग्रॅनाइटच्या धोंड्यांवरून हात टेकत चढायचं आणि तेही उघड्या अंगाने. कमरेच्या वर काहीही घालून देवापुढे जाता येत नाही, बाई असो वा पुरुष. जमणार नसेल तर खालीच थांबा, हुज्जत घालू नका. मार्च-एप्रिलमध्ये दगड तळहात भाजतो, तेव्हा पहाटेच निघा. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हरमॅटन, म्हणजे सहाराकडून येणारा कोरडा वारा असतो. कपारींतून शीळ ऐकू येते, पण घशात धूळ जाते.

पैशांचं आधी बोला. वाटाड्या, प्रवेश, फोटो आणि देवापुढचं दान, सगळं मिळून किती सेडी (घानाचं चलन), हे चढण्यापूर्वी ठरवा. वर गेल्यावर आकडा वाढतो आणि उघड्या अंगाने घासाघीस होत नाही.

चीफ, म्हणजे गावचा प्रमुख, तोच पुजारी, हा आणखी एक गैरसमज. इथल्या तालेन्सी लोकांत ही दोन पदं वेगळी. चीफचं घराणं आपलं मूळ शेजारच्या माम्प्रुसी लोकांकडे सांगतं. तेंदाना, म्हणजे भूमीचा पुजारी, जुन्या रहिवाशांतला. ‘तेंग’ म्हणजे जमीन, तेंदाना तिचा धनी. मालक मात्र नव्हे, आपल्याकडच्या गुरवासारखा मानकरी म्हणा. परंपरेने तो विणलेलं कापड नेसत नाही, कातडं पांघरतो. जमिनीवर माणसाचं रक्त सांडलं की तिचं शुद्धीकरण त्याच्याकडे. पेरणीआधीच्या गोलोगो सणातही त्याचा मान मोठा.

नवस बोलायचा तर आधी पाण्यात कालवलेलं बाजरीचं पीठ ओततात, मग कोंबडीचा गळा चिरून ती सोडून देतात. तडफडून उताणी पडली तर देवाने स्वीकारली. पालथी पडली तर नकार. मग काय चुकलं ते विचारायचं आणि दुसरी कापायची. कोकणातला कौलच, फक्त इथे फुलाऐवजी जीव. म्हणून कोंबड्या दोन, आणि त्या खालच्या बाजारातूनच घ्या.

गुहेत पिसं, हाडं आणि वाळलेल्या रक्ताचा वास असतो. नाक मुरडणाऱ्यांनी जाऊच नये. ब्रिटिशांनी 1911 आणि 1915 मध्ये फौज घालून हे ठाणं बंद पाडायचा प्रयत्न केला. तरी दूर दक्षिणेच्या असांते प्रदेशातून लोक येतच राहिले.

उतरताना गुडघे सांभाळा. परतीची गाडी सकाळीच सांगून ठेवा.