दात खायची सवय आणि जबड्यातली सुई

झोपेत दात खाल्ले की पोटात जंत झाले, हे आमच्याकडचं ठरलेलं निदान. सासूबाईंनी वावडिंगाचा काढाही पाजून पाहिला. जंत बिंत काही नव्हते. सकाळी उठले की जबडा आंबलेला, कानशिलं ठणकत असायची. कडक भाकरी चावताना कानापुढे कट्‌ आवाज यायचा. एका दाढेचा टवका उडाला, तेव्हा दातांच्या डॉक्टरांकडे गेलेच.

मॅडमनी गालांवर बोटं ठेवून दात घट्ट आवळायला सांगितले. दोन्हीकडे सुपारीएवढी टणक गाठ हाताला लागली. हा चावण्याचा स्नायू, मॅसेटर. रात्रभर राबून तो फुगला होता, म्हणून चेहराही खालून चौकोनी दिसायचा. आधी नाइट गार्ड, म्हणजे रात्री दातांवर बसवायचं कव्हर, दिला. दात वाचले, ठणका राहिला. मग बोटॉक्सचा, म्हणजे स्नायू सैल करणाऱ्या सुईचा, विषय निघाला.

मला ते सिनेमावाल्यांचं, सुरकुत्या घालवायचं वाटायचं. मॅडम म्हणाल्या, "औषध तेच. नसेकडून स्नायूला आवळायचा निरोप जातो, तो अडतो. पण दात खाण्यासाठी याला औपचारिक मान्यता नाही, अनुभवावर देतात." हे त्यांनी आधीच सांगितलं, म्हणून माझा विश्वास बसला. दिवस गेलेत का, अंगावर पाजता का, स्नायूंचा काही आजार, रक्त पातळ करायची गोळी, सगळं विचारलं. घोरण्याचं आणि मनाच्या गोळ्यांचंही, कारण त्यांनीही दात खाल्ले जातात.

प्रत्यक्ष सुईला फार वेळ लागला नाही. कानापासून ओठाच्या कोपऱ्यापर्यंत पेन्सिलीने रेघ ओढली. टोचायचं ते तिच्या खाली. औषध पुढे सरकलं तर हसताना तोंड वाकडं होऊ शकतं. दर बाजूला पंचवीस युनिट औषध. ब्रँड बदलला की युनिटचा हिशोबही बदलतो, तेव्हा नुसता आकडा घेऊन कुठे भाव करत बसू नका. मुंगी चावल्यासारखं झालं, वर बर्फ. चार तास आडवं पडायचं नाही, गाल चोळायचे नाहीत.

आठवड्याभरात ठणका उतरला. पण चावायची ताकदही गेली! कडक भाकरी चार घासांत दमवायची, म्हणून आमटीत कुस्करून खाल्ली. शेंगाचटणीला अडचण नव्हती, पण सोलापूरच्या गड्डा यात्रेत पोरं ऊस सोलत होती आणि मी नुसती बघत होते.

गाल उतरायला महिना-दीड महिना गेला. स्नायूला काम कमी, म्हणून तो बारीक होतो. जाऊबाई म्हणाल्या, "डाएट करतेस काय गं?" पार्लरमध्ये हेच 'फेस स्लिमिंग' म्हणून खपवतात. सुई डॉक्टरच्याच हातून घ्यावी, हे माझं ठाम मत.

आणि दात खाणं? ते थांबलेलं नाही. गार्डवर ओरखडे अजून उमटतात, फक्त जोर कमी झालाय. असर तीन-चार महिन्यांनी उतरतो. पुन्हा घ्यायची का, ते तेव्हा जबडा किती बोलतो त्यावर ठरवू, असं मॅडमशी बोलणं झालंय. तोवर गार्ड रोज रात्री, आणि संध्याकाळचा चहा बंद.