ताळा
(माजी विद्यार्थिनी, एस.एस.सी. मार्च १९७९)

स्मरणिकेसाठी लिहा म्हणून दुसऱ्यांदा फोन आला तेव्हा मी म्हटलं, माझ्याकडे सांगण्यासारखं आहे काय? सगळी नोकरी रक्ताच्या नळ्या हलवण्यात गेली. मग गणिताचे मास्तर आठवले. भागाकार बरोबर असला तरी खाली ताळा नसेल तर ते निम्मे गुण कापत. "उत्तर काय, शेजारच्याच्या वहीत बघूनही येतं. ताळा कुठाय?" भाजक गुणिले भागाकार अधिक बाकी लिहिताना मनातल्या मनात मी मास्तरांचा किती उद्धार केला, ते आता कबूल करायला हरकत नाही.

रत्नागिरीला बी.एस्सी. झाले, मग मुंबई. परळच्या एका प्रयोगशाळेत रक्तगटांच्या कामाला लागले आणि पुढे त्यातच पीएच.डी. केली. (आईला शेवटपर्यंत वाटायचं, मी लोकांची साखर तपासते.)

रक्तगट काढताना आधी पेशी तपासतात. ए आणि बी ओळखणाऱ्या द्रावांचे, म्हणजे अँटी-ए, अँटी-बीचे थेंब घालायचे आणि पेशी एकमेकींना चिकटून गोळा होतात का बघायचं. मग उलट बाजूने जायचं. रुग्णाचं सीरम, म्हणजे रक्तातला पेशी काढलेला पातळ भाग घेऊन त्यात माहितीतल्या ए, बी आणि ओ पेशी घालायच्या. हा झाला ताळा. त्यातली ओ पेशींची नळी बहुतेक वेळा काहीच दाखवत नाही, त्यामुळे ती लावायचा कंटाळा येतो. नोकरीच्या दुसऱ्या वर्षी मला आला. एका बाईंच्या पेशी ए, बी दोन्हींना दाद देत नव्हत्या, घड्याळात सहा वाजून गेले होते, मला गाडी गाठायची होती. वहीत 'ओ' लिहून मी निघाले.

सकाळी क्रॉसमॅच, म्हणजे बाटलीतलं रक्त रुग्णाच्या रक्ताशी जुळतं का ते पाहणाऱ्या मॅडमनी वही माझ्यापुढे सरकवली. ओच्या सहा बाटल्या लावून पाहिल्या होत्या, एकही जुळत नव्हती. राहिलेली नळी मी तिथेच लावली, सेंट्रिफ्यूजमधून (नळ्या गरगर फिरवणाऱ्या यंत्रातून) काढली, हळूच हलवली. तळाशी बसलेली लाल टिकली खरं तर धुरासारखी विरायला हवी. ती अख्खी सुटली आणि तशीच तरंगत राहिली. मॅडम काही बोलल्या नाहीत. मास्तरांनी त्या दिवशी सगळेच गुण कापले असते.

तो बॉम्बे गट होता. १९५२ साली डॉ. वाय. एम. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 'लॅन्सेट'मध्ये त्याची पहिली माहिती दिली. मुंबईत सापडला म्हणून नावही मुंबईचं. आपल्या गावच्या भाषेत सांगायचं तर लाल पेशीवर एच नावाचं चिऱ्याचं जोतं असतं. त्यावर ए किंवा बीचं घर उभं राहतं. ओ गटाच्या माणसाचं नुसतं जोतंच असतं. बॉम्बेवाल्याचं तेही नाही. त्यामुळे ओचं रक्तसुद्धा त्याच्या शरीराला परकं. चढवलं तर त्या पेशी फुटतात आणि जिवावर बेततं. त्याला चालतं ते फक्त त्याच्याच गटाचं रक्त, आणि अशी माणसं भारतात साधारण १०,००० मागे एक, असा अंदाज सांगतात.

बाईंचं ऑपरेशन थोडं थांबण्यासारखं होतं एवढं नशीब. त्यांचा पत्ता पाहिला तर आपलाच तालुका! हा गट आई आणि वडील दोघांकडून यावा लागतो, म्हणून सख्ख्या भावंडांत सापडायची शक्यता चारात एक. गणपतीत सगळे घरी भेटतील या हिशेबाने थर्मासात बर्फ भरून मी रातराणीने गेले. पडवीत बसून चार भावंडांचं रक्त काढलं. आत आरती चालू होती. थोरले म्हणाले, "गो बाय, माझा पाय मोडला तेव्हा ओ सांगितलान हो डॉक्टरान." मी म्हटलं, काका, मीही तेच सांगितलं होतं.

परळला परतल्यावर सगळ्या नळ्या लावल्या. ओची तर दोनदा. थोरल्यांचं जुळलं. लगेच तार केली: 'रक्त जुळले. निघा.' तार म्हटल्यावर त्या घरात काय होईल, हे माझ्या डोक्यातच आलं नाही. काका आले ते हातात नारळांची पिशवी घेऊन, आणि पहिलं वाक्य, "मजकूर वाचायच्या आधीच वाडीभर रडारड झाली!" बाटली भरेपर्यंत त्यांनी भिंतीकडे बघून रामरक्षा म्हटली. पुढचे तीन महिने त्यांना सुई लावायची नाही, असं मी वहीत लाल शाईने लिहून ठेवलं. ऑपरेशन पार पडलं. नारळ मॅडमनी सगळ्यांना वाटले.

आता मुद्द्याचं. या स्मरणिकेच्या शेवटी माजी विद्यार्थ्यांची यादी आहे आणि तिच्यात रक्तगटाचा रकाना आहे असं कळलं. समारंभाला मी अँटी-एचची, म्हणजे एचचं जोतं ओळखणाऱ्या द्रावाची कुपी घेऊन येते आहे. युरोपातल्या एका काटेरी झुडपाच्या बियांचा अर्क असतो तो. यादीत ज्यांच्यापुढे 'ओ' आहे त्यांनी जेवणाच्या पंगतीआधी आठवीच्या वर्गात थांबावं. एकच थेंब लागेल, बोटाचा.