यकृत प्रत्यारोपणातला ऑक्सिजनचा हिशेब: माझा अनुभव

भूलशास्त्राच्या शेवटच्या वर्षाला असताना नागपुरात यकृत प्रत्यारोपणाच्या एका शस्त्रक्रियेत माझ्याकडे एकच काम सोपवले होते: रुग्ण दर मिनिटाला किती ऑक्सिजन वापरतो, याचा हिशेब ठेवणे. बोटावरचा पल्स ऑक्सिमीटर 100 दाखवत होता. पण रक्तात ऑक्सिजन किती भरला आहे एवढेच तो सांगतो, शरीराने त्यातला किती खर्च केला हे नाही. तो खर्च काढायला अडॉल्फ फिक यांनी 1870 मध्ये मांडलेले तत्त्व उपयोगी पडते: धमनीतल्या आणि फुप्फुस-धमनीतल्या (म्हणजे शरीरभर फिरून, ऑक्सिजन खर्चून परत आलेल्या) रक्तातील ऑक्सिजनचा फरक गुणिले हृदय मिनिटाला बाहेर टाकते तेवढे रक्त.

पहिल्याच हिशेबात मी तोंडघशी पडलो. हिमोग्लोबिन 9, कार्डियाक आउटपुट (हृदय मिनिटाला बाहेर टाकते ते रक्त) 8 लिटर आणि फुप्फुस-धमनीतल्या कॅथेटरमधून, म्हणजे बारीक नळीतून, घेतलेल्या नमुन्याचे सॅचुरेशन (हिमोग्लोबिन ऑक्सिजनने किती टक्के भरले आहे ते) 93. उत्तर आले जेमतेम 67 मिलिलिटर. माझ्या वरिष्ठ डॉक्टर मॅडमनी कागद पाहून विचारले, "एवढ्यावर माणूस जगतो का रे?" घाईत मी सिरिंजचा दट्ट्या जोरात ओढला होता, आणि तसे केले की फुप्फुसात ऑक्सिजन घेऊन पुढे गेलेले रक्तही मागे खेचले जाते. दुसऱ्या वेळी सुरुवातीचे 5 मिलिलिटर बाजूला काढून नमुना हळूहळू घेतला. सॅचुरेशन 84 आले, म्हणजे वापर 154 मिलिलिटर. सिरोसिसमध्ये, म्हणजे यकृत निबर होण्याच्या आजारात, हृदय जास्त रक्त फेकत असल्याने हे सॅचुरेशन मुळातच चढे असते. म्हणूनच 93 पाहूनही मला शंका आली नव्हती.

जुने यकृत काढल्यावर वापर 123 वर उतरला. शरीराच्या एकूण ऑक्सिजनपैकी सुमारे पाचवा हिस्सा एकटे यकृत वापरते, त्यामुळे घट अपेक्षितच होती; पण रुग्णाचे तापमानही 35 अंशांवर आले होते, तेव्हा सगळी घट यकृताच्या नावावर टाकणे मला पटेना. (बाहेर मे महिन्यातले नागपूरचे ऊन, आणि आत आम्ही गरम हवेचे ब्लँकेट लावून बसलेलो.)

नव्या यकृतात रक्त सोडल्यावर तासाभराने आकडा 170 च्या पुढे गेला आणि लॅक्टेटही (रक्तात साचणारा आणि यकृत साफ करते तो पदार्थ) उतरू लागले. विरघळलेला ऑक्सिजन मी हिशेबात धरला नव्हता, त्यामुळे हे आकडे काटेकोर म्हणता येणार नाहीत. आम्ही पाहत होतो ती त्यांची चाल. शेवटी कागद केस पेपरला लावताना मी 67 खोडायला निघालो, तर मॅडम म्हणाल्या, "गिरबटू नकोस. एक रेघ मार आणि शेजारी कारण लिही."