नांदूर मध्यमेश्वरला बदकं ओळखताना

हिवाळ्यात नाशिक जिल्ह्यातल्या नांदूर मध्यमेश्वर पक्षी अभयारण्याच्या निरीक्षण मनोऱ्यावर उभं राहिलं की समोर पाणीभर पक्षी दिसतात आणि एकाचंही नाव सांगता येत नाही. सगळे तपकिरी ठिपके. पुस्तकातलं बदक हाताच्या अंतरावर असतं. इथलं लांब, पाठमोरं, चोच पंखात खुपसून झोपलेलं.

सोबत गावातलाच एक तरुण गाइड होता. मी दुर्बिणीतून रंग शोधतेय म्हटल्यावर म्हणाला, "ताई, रंग राहू द्या. खातंय कसं ते बघा."

मग जमायला लागलं. डोकं पाण्यात, टोकदार शेपूट आभाळाकडे, तो तलवार बदक. पळीसारखी चपटी चोच पाण्यावर फिरवत गोलगोल पोहणारा थापट्या. सबंध बुडी मारून भलतीकडेच वर येणारी लालसरी. तरंग बदक तर शिट्टीसारख्या आवाजावरूनच कळला.

वारकरी हा पक्षी बदक नाहीच, हे मात्र पटायला वेळ लागला. काळं अंग, कपाळावर पांढरा टिळा, पोहताना मान पुढेमागे. बदकासारखे पडद्याचे पाय नाहीत, प्रत्येक बोटाला वेगळी झालर. उडायचं तर आधी पाण्यावरून फटफट धावत सुटतो. जांभळी पाणकोंबडी याचीच भाऊबंद. ती देठ पायात धरून खात होती. तिच्यापुढे मी बदकं विसरलेच जरा.

ही दलदल मुळात माणसाच्या हातची. गोदावरी-कादवा संगमाजवळच्या ब्रिटिशकालीन बंधाऱ्यामागे गाळ साचला, पाणी उथळ झालं, पाणवनस्पती माजल्या. साठवणीच्या हिशेबात हा तोटाच. पण बुडी न मारणाऱ्या बदकांची मान तळापर्यंत पोहोचते ती या उथळपणामुळेच. जानेवारी २०२० मध्ये हे महाराष्ट्राचं पहिलं रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, म्हणून जाहीर झालं.

एवढ्यात दलदली भोवत्या हा शिकारी पक्षी घिरट्या घालत आला आणि सगळा थवा उठला. मला वाटलं, संपलं. उलट उडतानाच खुणा उघड्या पडल्या: थापट्याच्या नराच्या पंखावर फिकट निळा भाग, चक्रवाकाच्या पंखांवर मोठे पांढरे पट्टे.

माद्यांनी मात्र दमवलं. सगळ्या एकाच मातकट रंगाच्या. चोचीचा आकार पाहायचा, नाहीतर जवळ पोहणाऱ्या नरावरून अंदाज बांधायचा. तरीही ज्या उरल्या, त्या गाइडने वहीत सरळ 'बदक, अनोळखी' म्हणून लिहायला लावल्या.