कॉन्टेसा विकताना पुराचं का सांगितलं?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. गाडी विकल्यापासून हा प्रश्न मला लग्नाच्या पंगतीत, बँकेच्या रांगेत, अगदी दाढीच्या खुर्चीतसुद्धा लोकांनी विचारलाय. पुण्याचं गिऱ्हाईक रोख पाच लाख मोजायला तयार होतं, गाडी त्याच्या मनात भरली होती, पुराचा विषयही त्यानं काढला नव्हता. मग तुम्ही आपणहून का सांगितलंत?

गाडी म्हणजे माझी १९९० ची कॉन्टेसा क्लासिक, १.८ जीएल, पेट्रोल. नव्या पोरांनी ती रस्त्यावर पाहिलेली नसते. व्हॉक्सहॉल या ब्रिटिश कंपनीच्या बंद पडलेल्या व्हीएक्स मॉडेलवरून हिंदुस्थान मोटर्सनं ही गाडी बेतली आणि १९८४ मध्ये बंगालमधल्या उत्तरपाड्याच्या कारखान्यातून बाहेर काढली. सुरुवातीला आत अ‍ॅम्बॅसिडरचंच १४८९ सीसीचं इंजिन होतं, आणि एवढ्या अंगाला ते पुरत नव्हतं. पुढे इसुझूचं १.८ लिटरचं इंजिन आणि पाच गिअर आले, तेव्हा कुठं गाडीला दम आला. २००२ मध्ये ती बंद झाली. लोक तिला देशी मसल कार, म्हणजे दांडग्या इंजिनाची गाडी, म्हणतात. अमेरिकेतल्या मसल कारला आठ सिलिंडर, हिला चार, त्यामुळे ताकदीची तुलना मला पटत नाही. पण ते लांबलचक बॉनेट आणि मागच्या चाकांवर जोर घेऊन निघणं बघितलं, की लोक तसं का म्हणतात ते कळतं.

मी ती २०१३ मध्ये तासगावातल्या एका बागायतदाराकडून ९५ हजारांना घेतली. बेदाण्याच्या शेडमध्ये ताडपत्रीखाली उभी होती. ते तिसरे मालक. "गाडीला पाण्याचा थेंब लागलेला न्हाई बघा," हे त्यांनी मी न विचारताच सांगितलं. तेव्हा मला त्यात काही वावगं वाटलं नाही. इसार दिला आणि आठ दिवसांत गाडी सांगलीत आणली.

आरसी बुक मी शांतपणे वाचलं ते नंतर. चूक माझीच. खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची असते, त्यानंतर दर पाच वर्षांनी पासिंग, म्हणजे आरटीओची तपासणी, करून ती वाढवून घ्यावी लागते. ही गाडी नोव्हेंबर १९९० ची, म्हणजे मुदत नोव्हेंबर २००५ ला संपली. पुढचं पासिंग मात्र थेट २००८ चं. त्याच वर्षी इंजिन बदलल्याची नोंद आणि मालकीचं हस्तांतरण. दुसऱ्या मालकाचा पत्ता सांगलीच्या गावभागातला, म्हणजे नदीकाठच्या जुन्या वस्तीतला.

सांगलीकराला याहून जास्त सांगावं लागत नाही. २००५ च्या जुलै-ऑगस्टमध्ये कृष्णा गावात शिरली होती. चालू स्थितीतली गाडी तीन वर्षं पासिंगविना का पडून राहिली आणि तिचं इंजिन का बदलावं लागलं, याचं एक उत्तर समोरच होतं. पण ते एकच उत्तर नव्हतं. मालक आजारी असतील, भावाभावांत वाटणीचा वाद असेल, पेट्रोलचा खर्च झेपत नसेल. बदललेलं इंजिन इसुझूचंच होतं, पण ते कुठून आलं याचा कागद नव्हता. पुढे नव्वदच्या दशकात अ‍ॅम्बॅसिडरलाही हेच इंजिन बसायला लागलं होतं, त्यामुळे भंगार बाजारात ते मिळायचं.

शंभर फुटी रोडवर आमचे एक चाचा आहेत, जुन्या गाड्यांचे मिस्त्री. त्यांनी पहिल्यांदा चेसिस प्रिंट, म्हणजे गाडीच्या सांगाड्यावर कोरलेल्या नंबराचा ठसा, घेतली. नंबरावरचा रंग आणि मळ पेट्रोलच्या बोळ्यानं पुसला, वर पातळ कागद धरला आणि पेन्सिलचं टोक आडवं करून हलक्या हातानं घासत गेले. एकेक आकडा काळ्यात पांढरा उमटत गेला. आकडे एका ओळीत, एका उंचीचे, मध्ये कुठं कानस मारल्याची खूण नाही. आरसीशी सगळे जुळले. "गाडी खरी आहे," चाचा म्हणाले, "आता तिचं दुखणं बघू."

मग त्यांनी डाव्या मागच्या दाराचं आतलं पॅनेल काढलं. तळाच्या घडीत, जिथं दोन पत्रे दुमडून एकत्र येतात, तिथं तीन बोटं जाडीचा गाळ होता. वाळलेला, करड्या रंगाचा, चिमटीत धरला तर हळदीसारखा बारीक. रस्त्याच्या धुळीत खडा असतो, यात एकही नव्हता. मागची सीट उचलली तर स्प्रिंगांवर एक रेघ. रेघेखाली गंज, वर मूळचा काळा रंग जसाच्या तसा. रेघ अगदी सरळ, पाणी जसं उभं राहिलं असेल तशी. दुसऱ्या बाजूची सीट काढली तर तिथंही त्याच उंचीवर. डॅशबोर्डामागची वायरिंग मात्र कोरडी, तांब्यावर हिरवटपणा नाही. म्हणजे पाणी सीटपर्यंत चढलं आणि तिथंच थांबलं.

कुठलं पाणी, कधीचं, हे त्या रेघेवर लिहिलेलं नव्हतं. मी तासगावला फोन केला. ते म्हणाले, मी घेतली तेव्हा चकाचक होती, मला काय ठाऊक. आज मला वाटतं ते खरं बोलत होते. गावभागातल्या पत्त्यावर गेलो, तिथं आता दुसरं कुटुंब राहतं. पहिल्या मालकांचे चिरंजीव मिरजेत भेटले, त्यांनी १९९८ मध्ये गाडी दिल्याचं सांगितलं, तेव्हाचा दारासमोरचा फोटोही दाखवला. २००५ ते २००८ कोणीच भरून दिलं नाही.

जगात जिथं जिथं जुन्या गाड्यांचा बाजार आहे तिथं हीच खोच असते: कागद नसला तर गाडीचा इतिहास सिद्ध करता येत नाही. पॉन्टियाकची जीटीओ, जिच्यापासून अमेरिकेतल्या मसल कारचं युग सुरू झालं असं मानतात, ती १९६४ मध्ये वेगळं मॉडेल नव्हतीच. टेम्पेस्ट ल मान्स या साध्या गाडीवर जादा पैसे भरून घ्यायचं ते पॅकेज होतं. पहिली दोन वर्षं चेसिस नंबरावरून ती जीटीओ आहे की साधी ल मान्स, हे कळायचंच नाही. म्हणून आज तिथंही बिल्ले चिकटवून साधी गाडी जीटीओच्या भावात विकणारे आहेत, आणि कारखान्याचा जुना कागद असला तर त्याला वेगळी किंमत आहे.

मी गाडी नीट करून घेतली. बुडाचा पत्रा नवा टाकला, चारही दारं आतून साफ केली, पत्र्याचे खड्डे बुजवायची पुट्टी, म्हणजे लांबी, कमीत कमी भरू दिली. उजव्या मागच्या दाराची काच उतरवायची यंत्रणा अडकली होती, तिथं हात पोचेल तेवढंच केलं. नऊ वर्षं वापरली. महिन्यातून एकदा नरसोबाच्या वाडीला जाऊन यायचं, एवढीच चैन.

आणि मग मध्ये २०१९ आलं. ऑगस्टमध्ये कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांवर गेलं. धोक्याची पातळी ४५ फुटांची. मी कॉन्टेसा आदल्या रात्रीच विश्रामबागला पाहुण्यांच्या दारात नेऊन लावली होती. आमच्या गल्लीतल्या सहा गाड्या टपापर्यंत बुडाल्या. पाणी ओसरल्यावर त्या टो करून नेल्या. दिवाळीनंतर त्यातली एक मला दुसऱ्या गावात एका व्यापाऱ्याच्या दारात विकायला लावलेली दिसली. नंबर ओळखीचा, सीट कव्हर नवं, आत सुगंधी फवारा. एक तरुण जोडपं ती बघत होतं, बाईंच्या कडेवर मूल होतं. मी जवळ जाऊन त्यांना सांगितलं. व्यापारी माझ्या अंगावर धावून आला. ते जोडपं निघून गेलं, पण जाताना त्या तरुणानं माझ्याकडं बघून हात जोडले.

तुमच्या प्रश्नाचं उत्तर त्या दारातच आहे. ते बघून आल्यावर घरी उभ्या असलेल्या माझ्या गाडीबद्दल, जिची रेघ मी स्वतः पाहिलेली आहे, मी गप्प कसा बसणार होतो?

२०२२ मध्ये गुडघ्यांमुळे क्लच दाबणं जमेना, तेव्हा विकायला काढली. पुण्याच्या गृहस्थांना सगळं सांगितलं. सीटवरच्या रेघेचे फोटो दाखवले, ते वर्ष कुठलं हे मला सिद्ध करता येत नाही हेही सांगितलं. ते सभ्य माणूस, रागावले नाहीत. "मला कोऱ्या इतिहासाची हवी होती," म्हणाले आणि चहा पिऊन गेले. दीड महिन्यानं इचलकरंजीचे एक यंत्रमागवाले आले. त्यांनी फोटो दोनदा पाहिले, गाडीखाली सतरंजी टाकून अर्धा तास पडून राहिले आणि तीन लाख चाळीस हजार म्हणाले. मी घासाघीस केली नाही. मालकी बदलायच्या फॉर्म २९ आणि ३० वर सह्या झाल्या, आणि सोबत शंभराच्या स्टॅम्पवर मी हातानं लिहून दिलं: १९९० ते १९९८ पहिले मालक, फोटो जोडला आहे, १९९८ ते २००५ सांगली, २००५ ते २००८ माहीत नाही, गाडीत सीटपर्यंत पाणी शिरल्याच्या खुणा आहेत, २००८ ते २०१३ तासगाव, पुढं माझ्याकडे.

एक लाख साठ हजारांचा फरक पडला. मुलीच्या मते तो पडायला नको होता, आणि तिच्याशी मी वाद घालत नाही. घरात तेव्हा पैशाची गरज होतीच.

गेल्या पावसाळ्यात इचलकरंजीहून फोन आला. त्यांनी उजवं मागचं दार पूर्ण खोललं होतं. "काका, इथंबी गाळ निघाला," म्हणाले. "पण तुम्ही लिहून दिलंय त्या रेघेपर्यंतच."