नव्या एअर पिस्तुलाची मूठ: माझा अनुभव

वयाच्या बेचाळिसाव्या वर्षी मी स्वतःचे पहिले पिस्तूल घेतले. त्याआधी दीड वर्ष मी नागपुरातल्या नेमबाजीच्या एका रेंजवर, सगळ्यांसाठी ठेवलेल्या सामाईक पिस्तुलावर सराव करत होते, आणि माझे नेम चुकतात ते त्या जुन्या पिस्तुलामुळेच, अशी माझी पक्की समजूत होती. त्यामुळे नवे पिस्तूल हाती येण्याच्या आधीच त्याला काय काय जोडायचे, याची अकरा वस्तूंची यादी माझ्या वहीत तयार होती.

खरे तर मनात होते .22 बोअरचे सेमी ऑटोमॅटिक पिस्तूल. त्यासाठी मात्र शस्त्रपरवाना लागतो, आणि 1959 च्या शस्त्र कायद्याच्या व्याख्येत ‘शस्त्र’ या शब्दात शस्त्राचे सुटे भागही येतात. म्हणजे मोबाइलचे कव्हर मागवावे तसे बॅरल किंवा स्लाइड मागवता येत नाही. 4.5 मिलिमीटर बोअरच्या (म्हणजे नळीच्या आतल्या व्यासाच्या) आणि 20 जूलपेक्षा कमी ऊर्जेच्या, हवेच्या दाबावर चालणाऱ्या एअर पिस्तुलाला परवाना लागत नाही, हे कळल्यावर मी 10 मीटरचा प्रकार निवडला आणि ऑस्ट्रियन बनावटीचे एक पिस्तूल घेतले. किंमत दीड लाखाच्या वर गेली. घरी ती सांगण्याचे काम मी धाकट्या बहिणीवर सोपवले.

रेंजवरच्या माझ्या प्रशिक्षक सरांनी यादी वाचली आणि पेन्सिलने निम्म्याहून अधिक वस्तूंवर काट मारली. लेझर आणि लाल ठिपक्याची साइट, म्हणजे नेम धरायचे साधन, तर नियमातच बसत नाही. स्पर्धेत फक्त उघडी साइट चालते. बॅरलखाली लावायची वजने मी सरांना न विचारता आधीच मागवली होती, ती आजही खणात पडून आहेत, कारण चाळीस गोळ्यांनंतर माझा खांदा आहे तेच वजन पेलताना थरथरू लागे. निवडक, पुढच्या टोकाचा व्यास मोजून घेतलेल्या महागड्या पेलेटचा, म्हणजे एअर पिस्तुलाच्या शिशाच्या गोळ्यांचा, मोह मला बराच काळ सुटला नव्हता. पण एअर पिस्तुलाच्या टार्गेटवर दहाचे वर्तुळ 11.5 मिलिमीटर व्यासाचे असते, तर एअर रायफलचा दहा हा जेमतेम अर्ध्या मिलिमीटरचा ठिपका असतो. रायफलवाल्यांनी 4.49 आणि 4.50 मिलिमीटरच्या पेलेटच्या डब्यांवर वाद घालावेत. माझ्या गोळ्या साताच्या वर्तुळात जात होत्या, आणि ती चूक पेलेटची नव्हती.

यादीत नसलेल्या दोन वस्तू मात्र घ्याव्या लागल्या. पहिली म्हणजे हवा गळू न देणाऱ्या रबरी कड्यांचा, म्हणजे ओ-रिंगचा संच. 2021 मध्ये टोकियो ऑलिंपिकच्या पात्रता फेरीत मनू भाकरच्या पिस्तुलाचा कॉकिंग लिव्हर (गोळी झाडण्याआधी ओढायचा दांडा) तुटला, दुरुस्तीत वेळ गेला आणि ती 575 गुणांसह बाराव्या स्थानावर राहिली. सरांच्या मते बाहेरून दिमाखदार भाग जोडण्याआधी जो भाग बिघडला तर सामना जातो, तो जवळ असावा. दुसरी वस्तू पिस्तुलाची नव्हतीच. चाळिशी लागल्यामुळे फ्रंट साइट, म्हणजे नळीच्या टोकावरची नेमाची खूण, मला धूसर दिसे आणि मी साइटलाच दोष देई. सीताबर्डीच्या एका चष्मेवाल्याने फ्रंट साइटचे अंतर मोजून नेमाच्या डोळ्यासाठी अर्ध्या नंबरचे जादा भिंग दिले, तेव्हा साइटच्या कडा कोऱ्या पात्यासारख्या दिसू लागल्या.

यादीतली एकच वस्तू खरोखर बदलायची होती, ती म्हणजे लाकडी ग्रिप. सोबत आलेली मूठ मध्यम मापाची होती आणि माझा हात लहान. तर्जनीचे पेर ट्रिगरवर सरळ न बसता तिरपे बसे, त्यामुळे ट्रिगर मागे न येता बाजूला ढकलला जाई आणि गोळी डावीकडे जाई. सरांची चाचणी साधी होती: डोळे मिटून हात उचलायचा, स्थिर झाल्यावर डोळे उघडायचे, आणि फ्रंट साइट मागच्या खाचेच्या मध्यभागी दिसते का ते पाहायचे. मला ती दर वेळी खाचेच्या एका कडेला टेकलेली दिसे. कागदावर हाताची बाह्यरेषा काढून, मापे घेऊन मी लहान ग्रिप मागवली. ती महिनाभराने आली आणि तीही नीट बसली नाही, तेव्हा मला अक्षरशः रडू आले.

मग ती घेऊन मी महालातल्या ओळखीच्या सुतारकाकांकडे गेले. त्यांनी मूठ उलटसुलट फिरवून पाहिली आणि कानस माझ्याच हातात दिली. ‘‘ताई, एकदम काढू नोका. थोडं थोडं काढा. काढलेलं लाकूड मंग परत येत नाई.’’ कुठे काढायचे हे समजण्यासाठी मी तळहाताला ओले कुंकू लावून मूठ घट्ट धरत असे. जिथे गडद लाल डाग उमटे तिथे लाकूड टोचत होते, आणि जिथे कोरे राही तिथे हात अधांतरी होता. टोचणारे कानशीने आणि पॉलिश पेपरने घासायचे, पोकळीत एम-सील भरायचे, रात्रभर सुकू द्यायचे आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा कुंकू. हा उद्योग सात आठवडे चालला. देवघरातली कोयरी सारखी रिकामी का होते, हे सासूबाईंना तेव्हा कळेना.

तोवर एप्रिल उजाडला. नागपूरच्या उन्हाळ्यात घासून गुळगुळीत केलेली मूठ घामाने निसटते, म्हणून तळव्याखालच्या भागावर पुन्हा बारीक खाचा पाडाव्या लागल्या. पिस्तुलाला हवा पुरवणाऱ्या, दाबाखालच्या हवेच्या सिलिंडरचीही काळजी आली. 200 बार दाबाने 25 अंशांना भरलेला सिलिंडर उन्हातल्या बंद गाडीत 60 अंशांपर्यंत तापला, तर आतला दाब सुमारे 223 बार होतो. तेव्हापासून तो माझ्यासोबत ऑफिसात येतो आणि डब्याच्या पिशवीत बसतो.

मे महिन्यातल्या एका स्थानिक स्पर्धेत उपकरण तपासणीच्या टेबलावर मी बऱ्याच आत्मविश्वासाने पिस्तूल ठेवले. ट्रिगर किमान 500 ग्रॅमचे वजन उचलणारा हवा. माझा आम्ही मुद्दामच 510 वर ठेवला होता, तो पास झाला. मग 420 बाय 200 बाय 50 मिलिमीटरची पेटी आली, ज्यात संपूर्ण पिस्तूल मावले पाहिजे. माझे मावेना. अंगठ्याच्या टेकूवर प्रेमाने चढवलेल्या एम-सीलच्या थराने जाडी 50 च्या वर गेली होती. तपासनीसांनी शांतपणे सांगितले की माझी रिले, म्हणजे नेमबाजांची तुकडी, सुरू व्हायला चाळीस मिनिटे आहेत, तेवढ्यात दुरुस्त करून आणलेत तर पुन्हा तपासू. पिस्तूल तिथेच ठेवून, ग्रिप उतरवून मी बाहेर कडुलिंबाखाली बसले आणि पर्समधल्या कानशीने सात आठवड्यांतली शेवटची दोन मिलिमीटर काढून टाकली. दुसऱ्या वेळी पेटीचे झाकण बसले आणि पिस्तुलावर तपासणीचे स्टिकर लागले. त्या दिवशी 60 गोळ्यांत माझे 538 गुण झाले, सामाईक पिस्तुलावरच्या माझ्या सर्वोत्तम कामगिरीपेक्षा सतराने जास्त. अंगठ्याच्या जागी अजून किंचित टोचते.