इचलकरंजी ते कोल्हापूर, मार्गे ऑस्ट्रेलिया

सुहासचे पत्र काल रात्री आले. मजकूर साधा होता: दादा, नव्या घराची वास्तुशांत आहे, अण्णांना घेऊन या, जेवायला किती जण ते कळवा. विषयाची ओळ नेहमीप्रमाणे तुटलेली होती, कारण आमच्या या फिडोनेट पद्धतीच्या जाळ्याच्या (हौशी लोकांची यंत्रे एकमेकांची पत्रे पुढे पोचवतात ते) जुन्या साच्यात विषयाला ७१ बाइटच मिळतात आणि देवनागरीचे एकेक चिन्ह तीन बाइट खाते. ‘वास्तुशांतीच्या निमंत्रण’ एवढे दिसून पुढे एक चौकोन उरला होता. मनाला लागल्या त्या तळाशी असलेल्या ‘व्हाया’च्या ओळी. नेटमेल, म्हणजे एकाने दुसऱ्याला लिहिलेले पत्र, ज्या ज्या यंत्रातून जाते ते यंत्र आपला क्रमांक आणि ग्रिनिचची वेळ तिथे नोंदवते. एरवी या ओळी झाकलेल्या असतात. पहिली ओळ सुहासच्या नोडची, म्हणजे त्याच्या यंत्राची, होती आणि दुसरी ऑस्ट्रेलियातल्या आमच्या अपलिंकची, म्हणजे आम्हाला बाकीच्या जाळ्याशी जोडणाऱ्या यंत्राची. म्हणजे जेमतेम तीस किलोमीटरवरून निघालेले पत्र समुद्र ओलांडून, परत फिरून माझ्याकडे आले होते.

आमच्या नेटचा, म्हणजे या भागातल्या नोडच्या गटाचा, क्रमांक ४१६ आहे. कोल्हापूर, सांगली, इचलकरंजी, सगळ्यांचे पिन ४१६ नेच सुरू होतात म्हणून आम्ही हौसेने तो घेतला. शून्य क्रमांकाचा होस्ट, म्हणजे गटाची पत्रे घेऊन वाटणारा, मी; सुहास पाच. अपलिंकच्या रूटिंगच्या फाइलीत इतकी वर्षे एकच ओळ पुरत असे: ४१६/* जे काही असेल ते माझ्याकडे. टॉसर, म्हणजे पत्रे वेगवेगळी करून लावणारा प्रोग्रॅम, ही फाइल वरून खाली वाचतो आणि जी ओळ प्रथम जुळेल तिथेच थांबतो. त्यामुळे सुहासची पत्रे परस्पर त्याच्याकडे जायची असतील, तर ४१६/५ अशी स्वतंत्र ओळ माझ्या ओळीच्या वर घालावी लागते. खाली घातली तर तिचा काही उपयोग नाही. हे आपोआप होत नाही. कुणीतरी विनंती केली, कुणीतरी फाइल उघडली, कर्सर माझ्या ओळीवर नेला आणि वर जागा केली. दोघांनाही मला एक शब्द कळवावासा वाटला नाही.

मग मी माझ्या यंत्राची नोंद उघडली, आणि तिथे तर सगळे लिहूनच ठेवलेले होते. एको, म्हणजे सगळ्यांना वाचता येणाऱ्या सामायिक चर्चा, दोन ठिकाणांहून घेतले तर प्रत्येक संदेश दोनदा येतो, म्हणून सुहासला माझ्याकडचे एको बंद करणे भागच होते. त्यासाठी त्याने माझ्या एरियाफिक्सला रीतसर पत्र पाठवले होते: विषयात पासवर्ड, खाली एकेका एकोचे नाव आणि प्रत्येकापुढे उणे चिन्ह. एरियाफिक्स म्हणजे माणूस नव्हे, प्रोग्रॅम. त्याने सगळी नावे वगळली आणि ‘आपली विनंती पूर्ण झाली’ अशा अर्थाचे उत्तरही माझ्याच क्रमांकावरून धाडून दिले. म्हणजे सुहासच्या दृष्टीने त्याने मला कळवले होते आणि मी होकारही दिला होता! यावर रागवायचे तरी कोणावर?

राग नाहीच. त्याच्या जागी मी असतो तर वेगळे काय केले असते? २०१९ च्या महापुरात राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा धोक्याची ४३ फुटांची पातळी ओलांडून ५५ फुटांच्याही वर गेली, तेव्हा माझे यंत्र बंद होते आणि त्याची पत्रे माझ्याकडे अडकून पडली होती. त्यानंतरही इथली वीज गेली की इचलकरंजीचा नोड विनाकारण मुका होत असे. शिवाय होस्ट ही सोय मुळात फोनच्या बिलासाठी निघाली. १९८४ मध्ये टॉम जेनिंग्जने फिडोनेट सुरू केले तेव्हा यंत्रे एकमेकांना थेट फोन लावत. नोड वाढले तसे १९८५ मध्ये नेट आणि होस्ट आले, म्हणजे एका शहरासाठीची सारी पत्रे लांब पल्ल्याच्या एकाच कॉलमध्ये होस्टकडे द्यायची आणि पुढे त्याने स्थानिक कॉलने ती वाटायची. आता पत्रांची ने-आण करणारे बिंकपी इंटरनेटवरून चालते, पोर्ट २४५५४. त्याला इचलकरंजी आणि ऑस्ट्रेलिया एकाच भावात पडतात. ज्या जाळ्यात अंतराला पैसे पडत नाहीत, तिथे कुणाच्या मार्फत जाणे ही केवळ जवळीक असते, आणि मला बोचते ते नेमके हेच. बिल वाचत होते तोवर मी उपयोगी होतो. बिल संपल्यावरही तो माझ्यामार्फत जात राहिला, म्हणून मी त्याला काही वेगळेच समजून बसलो. पासवर्ड जुळेना म्हणून रात्री फोनवर काढलेले ते तास. त्याच्या आईने पाठवलेला चिवडा. जाऊ दे.

आज सकाळी चहा घेताना मात्र स्वतःचेच हसू आले. फिडोनेटचा सहावा झोन, म्हणजे जवळजवळ आख्खा आशिया, २००७ मध्ये काढून टाकला आणि उरलेले नोड तिसऱ्या झोनला जोडले. खंडाचे खंड पुसले गेले तरी पत्रे चालूच राहिली, आणि मी एका ओळीसाठी तोंड पाडून बसलो आहे. माझ्या आउटबाउंडमध्ये, म्हणजे बाहेर जायच्या पत्रांच्या कप्प्यात, सुहासच्या नावाची फाइल अजून आहे: ०१ए००००५, कारण ४१६ सोळाच्या पायात ०१ए० होतात आणि पाच ते पाचच. फाइल रिकामी आहे. ती पुसली नाही आणि माझ्या फाइलीतली त्याच्या थेट जोडणीची ओळही तशीच ठेवली आहे, कारण त्याचा नोड माझ्या नेटमध्येच आहे आणि होस्टने दार लावून घेणे बरे दिसत नाही, असे कारण मी स्वतःला दिले.

त्याला विचारावे की नाही, हे मात्र ठरत नाही. नेटमेल खाजगी म्हणतात तेवढे खाजगी नसते. वाटेतला कोणताही सिसॉप, म्हणजे यंत्र चालवणारा, मनात आणले तर ते वाचू शकतो. माझी थेट जोडणी सुहासच्या मेलरने, म्हणजे जोडणी करणाऱ्या प्रोग्रॅमने, आता नाकारली, तर हा प्रश्न अपलिंकच्याच यंत्रातून न्यावा लागेल, म्हणजे ज्यांनी ओळ घातली त्यांच्याच हातात. मग फोनच उरतो, आणि फोनवर सुहासशी असले काही बोलायला गेलो की पाऊसपाणी, घराचा रंग आणि अण्णांचे गुडघे यापलीकडे माझी मजल जात नाही.